एअरसॉफ्ट खेळायला अंगावर काय घ्यावं? बेळगाव-खानापूरच्या रानात टिकणारं सामान

जांबोटी_रोड (धागाकर्ता)

मंडळी, गेल्या रविवारी आमच्या काजूच्या बागेत एक नवीन पोरगा एअरसॉफ्ट, म्हणजे प्लास्टिकच्या गोळ्या मारणाऱ्या बंदुकांचा लुटूपुटूचा खेळ, खेळायला आला. अंगावर जाडजूड व्हेस्ट, त्यात पुढं-मागं फोमच्या पाट्या, सहा मॅगझिनचे (गोळ्या भरायच्या डब्यांचे) खिसे, पाठीवर बॅग, मांडीला पिस्तूल. पायात मात्र कॉलेजला घालायचे कापडी बूट, आणि डोळ्यांना बाइकवर लावतात तसला काळा गॉगल. पाण्याची बाटली एकच, अर्ध्या लिटरची. गॉगल आम्ही आल्याआल्या काढायला लावला आणि आमच्याकडचा जादा मास्क दिला. दहाला खेळ सुरू झाला. पावणेअकराला पोरगा व्हेस्ट काढून आंब्याखाली डोकं धरून बसला होता. नेम चांगला होता, धावतही होता, पण त्या ओझ्यानं त्याला पाऊण तासात बसवलं. पैसे किती घातले ते त्यानं सांगितलं तेव्हा वाईट वाटलं. म्हणून हा धागा.

माझं स्वतःचंही सांगतो. दोन वर्षांमागं जूनमध्ये पहिला पाऊस पडून गेलेला, हवा नुसती दमट. गॉगलवर वाफ धरली, समोरचं काही दिसेना. मी झाडाआड होतो. आता कोण बघतंय, असं वाटलं आणि गॉगल कपाळावर सरकवून रुमालानं पुसायला घेतला. तेवढ्यात गोळी आली ती डाव्या भुवईच्या हाडावर. रक्त फारसं नाही, वाटाण्याएवढं टेंगूळ. घरी आरशात बघितलं तर टेंगूळ आणि पापणी यांच्यात बोटाच्या एका पेराएवढंच अंतर. त्या रात्री झोप लागली नाही. गोळी मारणारा माझा मावसभाऊ. तो माझ्याहून जास्त हादरला, पुढचे दोन महिने खेळायलाच आला नाही.

त्या दिवसापासून माझा क्रम ठरलाय: डोळे, दात, पाय, पाणी, मग कपडे आणि खिसे, आणि बंदूक सगळ्यात शेवटी. नवीन माणूस नेमका उलटा येतो.

खेळ माहीत नसलेल्यांसाठी थोडक्यात. जपानमधून आलेला खेळ आहे. ६ मिलिमीटरची प्लास्टिकची गोळी, ती स्प्रिंगनं, गॅसनं किंवा बॅटरीवरच्या मोटरनं सुटते. पेंटबॉलसारखा रंग लागत नाही, त्यामुळं गोळी लागली की आपणच हात वर करून ‘लागलं’ म्हणायचं आणि बाहेर जायचं. सगळा खेळ त्या एका शब्दावर चालतो.

आता डोळे. यात थोडा हिशेब आहे, तो करूनच गॉगल घ्या. ०.२० ग्रॅमची गोळी सेकंदाला १०० मीटर, म्हणजे ३२८ फूट वेगानं सुटली तर तिच्यात १ ज्यूल ऊर्जा असते. आमच्या गटात तीच मर्यादा आहे. युरोपच्या ईएन १६६ मानकात गॉगलवर ६ मिलिमीटरची, ०.८६ ग्रॅमची पोलादी गोळी मारून बघतात. ‘एफ’ खूण असेल तर ४५ मीटर वेगाची गोळी सोसते, ‘बी’ असेल तर १२० ची, ‘ए’ असेल तर १९० ची. गणित मांडा: एफ म्हणजे जेमतेम ०.८७ ज्यूल, बी म्हणजे ६ ज्यूलच्या वर. म्हणजे एफवाला चष्मा आमच्या मर्यादेलाही पुरत नाही. बी किंवा त्याच्या वरचं घ्या. खूण काचेवर आणि फ्रेमवर, दोन्हीकडं बघा. नुसत्या खोक्यावर छापलेलं धरू नका. आणि गॉगल चेहऱ्याला चारी बाजूंनी टेकला पाहिजे. गोळी झाडाच्या बुंध्यावर आपटून खालूनही येते, बाजूनंही येते.

दात विसरू नका. पुढचा दात जवळून आलेल्या गोळीनं तुटतो आणि पुन्हा उगवत नाही. तोंडाला पोलादी जाळीचा अर्धा मास्क चालतो. डोळ्यांना जाळी चालते का, यावर खाली बोलू, कुणीतरी विचारणारच.

पायांचं आपल्याकडं वेगळं आहे. आपण दोन मातींच्या मधोमध राहतो. खानापूर, जांबोटीकडं तांबडी माती आणि जांभा. पावसात शेवाळलेला जांभा साबणासारखा होतो, तिथं मऊ रबराचा तळवा पाहिजे. सांबऱ्यापलीकडं बैलहोंगलच्या बाजूला काळी माती. ती तळव्याच्या नक्षीत भरून बसते आणि दहा पावलांत प्रत्येक बूट किलोभर जड होतो. तिथं खोल आणि एकमेकांपासून लांब खाचा असलेला तळवा लागतो. दोन्हीकडं घोटा झाकणारा बूट हवाच, कारण काजूची मुळं वर आलेली असतात आणि पळताना नजर समोर असते. मोजे सुती नकोत. भिजले की वाळत नाहीत आणि फोड उठतात.

पाणी माणशी तीन लिटर, अर्ध्या दिवसाला. मार्चनंतर त्यात मीठ-साखर घाला, नाहीतर थर्मासात ताक आणा.

खिश्यांचं माझं मत ठाम आहे: तीन मॅगझिन पुरतात. शे-सव्वाशे गोळ्यांची साधी मॅगझिन घ्या. तीनशे गोळ्यांची चाक फिरवायची मॅगझिन पळताना खुळखुळ्यासारखी वाजतात, लपलेला माणूस दहा पावलांवरून कळतो. छातीवरचा साधा पट्टा, म्हणजे चेस्ट रिग, पाठ मोकळी ठेवतो आणि घाम वाळू देतो. पाट्यांची व्हेस्ट आपल्या हवेत अंगातली वाफ कोंडते. ती बघायला रुबाबदार दिसते हे मान्य, पण खेळायला आलाय तर खेळता आलं पाहिजे.

एक लाल फडका मात्र प्रत्येकाच्या खिशात पाहिजे. बाद झालात की डोक्यावर धरायचा. गणपत गल्लीत कुठल्याही कापडाच्या दुकानात हातभर तुकडा मिळेल.

बंदुकीबद्दल मी मुद्दाम कमी लिहितोय. पहिले चार-पाच रविवार उसनी घेऊन खेळा. मग घ्यायचीच तर परवानाधारक दुकानातून, पक्क्या बिलासह. परदेशातून कुरिअरनं मागवायच्या भानगडीत पडू नका.

उद्यमबाग_टर्नर

चांगला धागा. मी लेथवर काम करतो, गॉगल रोजचाच. दोन गोष्टींची भर घालतो.

पॉलिकार्बोनेटची काच मजबूत असते, पण रसायनाला नाजूक. आमच्या शॉपमध्ये एकानं गॉगलवरचा डाग थिनरनं पुसला. वरून दिसायला स्वच्छ झाला, पण उजेडात तिरका धरला तेव्हा कडेला केसासारख्या बारीक भेगा दिसल्या. अशी काच हातोडीच्या टोल्यानं नाही, नुसत्या वाकवण्यानं तुटते. तेव्हा थिनर, पेट्रोल, नेलपॉलिश काढायचं पाणी काही लावू नका. डास पळवायच्या काही मलमांत डीट नावाचं रसायन असतं, तेही प्लास्टिक खातं. मलम लावलं की हात धुवूनच गॉगलला हात लावा. काच धुवायला साबणाचं पाणी आणि मऊ सुती कापड पुरे.

दुसरं, जोराची गोळी बसलेली किंवा ओरखडे आलेली काच बदलायची. ‘अजून चालतंय की’ म्हणायचं नाही.

औद्योगिक सुरक्षेचं सामान विकणाऱ्या दुकानात बी खुणेचा बंद गॉगल मिळतो. खेळाच्या सामानाच्या दुकानापेक्षा तिथं विचारा. खूण कुठली पाहिजे ते सांगितलं की दुकानदाराला कळतं.

आता जाळीचा प्रश्न मीच विचारतो. वाफ धरत नाही म्हणून आमच्याकडचे दोघं जाळीचा गॉगल घालतात. काय म्हणता?

जांबोटी_रोड

डोळ्यांना जाळी नको. अख्खी गोळी जाळीतून जात नाही हे खरं, पण हलकी गोळी दगडावर किंवा जाळीवरच फुटते आणि तिचे तुकडे आत जातात. आपल्याकडं जांभा आहे, म्हणजे गोळी फुटायला दगडच दगड. शिवाय जांभ्याची धूळ. तोंडाला जाळी, डोळ्यांना अखंड काच. यावर माझी तडजोड नाही.

थिनरचं लिहिलंत ते फार बरं झालं, मला माहीत नव्हतं. आजच सगळे मास्क उजेडात धरून बघतो.

दोन_अधिक_दोन

मला चष्मा आहे, उणे साडेचार. गॉगलच्या आत चष्मा घातला की दोन्हींवर वाफ. चष्मा काढला तर समोर माणूस आहे की मेंढरू, कळत नाही. मी खेळूच नये का?

जांबोटी_रोड

जरूर खेळा, आमच्यात तिघं चष्मेवाले आहेत.

वाफ का धरते ते आधी बघू. चेहऱ्याजवळची हवा गरम आणि घामानं ओली, काच बाहेरच्या हवेनं गार. ओली हवा गार काचेला लागली की पाणी सुटतं, ताकाच्या गार पेल्याला बाहेरून घाम येतो तसं. म्हणून उपाय दोनच. काचेची आतली बाजू गार होऊ द्यायची नाही, किंवा आतली ओली हवा बाहेर काढायची. पेंटबॉलच्या पूर्ण मास्कला दुहेरी काच असते, मधे हवेची पोकळी, त्यामुळं आतली काच गार पडत नाही. आमच्यातला ज्याचा नंबर सर्वांत मोठा आहे तो हाच वापरतो आणि आत चष्मा मावतो. घेताना चष्मा लावूनच घालून बघा, काड्या कानशिलावर दाबल्या तर तासाभरात डोकं दुखतं. दुसऱ्यानं छोटा पंखा बसवलेला गॉगल घेतलाय. चालतो, पण घरघर कानाशी राहते आणि रानात ऐकणं हा अर्धा खेळ आहे.

तोंडावर कापड बांधलं असेल तर नाकाशी सैल ठेवा. श्वास वर गेला की पहिली वाफ तिथूनच.

तरीही वाफ धरली तर? हात वर करा, ‘बाद’ म्हणा, बाहेर या, मैदानाच्या कडेला ठरलेल्या जागी जाऊन मगच मास्क काढा. एक डाव गेला तर जाऊ दे.

निपाणीचा_नवखा

नमस्कार दादा. तो व्हेस्टवाला पोरगा माझा कॉलेजमधला दोस्त आहे. त्याला हा धागा वाचून दाखवला, त्याला राग आला नाही, उलट ‘पुढच्या वेळी व्हेस्ट घरात ठेवतो’ म्हणाला. मलाही यायचंय. माझ्याकडं सहा हजार आहेत, सुट्टीत काम करून साठवलेले. यात काय काय बसेल?

जांबोटी_रोड

ये की! दोस्तालाही घेऊन ये, त्याचा नेम आम्हाला पाहिजे आहे.

सहा हजारांतला मोठा वाटा मास्कला जाऊ दे, त्यात मागं-पुढं बघू नको. दुसरा वाटा बुटांना. घरात एनसीसीचे किंवा ट्रेकचे घोटा झाकणारे बूट असतील तर तेही पैसे वाचले. जुनी फुल पॅंट आणि लांब बाह्यांचा शर्ट घरातलाच घाल. मळकट हिरवा, तपकिरी, राखाडी असा कुठलाही रंग. हातमोजे बागकामाचे चालतील, फक्त उजव्या हातमोज्याच्या तर्जनीचं टोक काप, नाहीतर चाप लागत नाही. गुडघ्याला एकच पॅड लागतं, ज्या गुडघ्यावर बसतोस त्याला. दोन्ही लावले तर पळताना एक घसरतंच.

चेस्ट रिग विकत घेऊ नको. रेक्झिनच्या बॅगा शिवणाऱ्याकडं जा, मॅगझिन नेऊन दाखव, तीन खिसे आणि डाव्या कमरेला एक मोकळी पिशवी शिवून घे. रिकामी मॅगझिन त्या पिशवीत टाकायची. माझी अशीच शिवलेली आहे, दोन पावसाळे टिकली. खिशाला वर झाकण नको, इलॅस्टिकचा फास कर. झाकणाचा वेल्क्रो उघडताना जो आवाज होतो, त्यानं मी दोनदा सापडलोय.

बंदूक आमच्याकडची घे. बॅटरीची जास्तीची आहे.

येळ्ळूरची_वाट

एक गोष्ट धाग्यात आली नाही आणि आपल्या गावात ती सर्वांत आधी यायला पाहिजे. कपड्यांचा रंग.

माझे वडील मराठा लाइट इन्फंट्रीतून निवृत्त झाले. रेजिमेंटचं केंद्र आपल्या गावात, कॅम्पात रोज वर्दीतले जवान दिसतात. अशा गावात लष्कराच्या नक्षीचे कपडे घालून, खांद्याला काळी बंदूक अडकवून बाइकवरून जाणं म्हणजे स्वतःहून संकट ओढवून घेणं. लष्करानं १५ जानेवारी २०२२ च्या सेना दिनाला नवी डिजिटल नक्षीची लढाऊ वर्दी दाखवली, आणि त्या नक्षीचे हक्क लष्करानं नोंदवून घेतलेत. सैनिक असल्याचं भासवायला वर्दी घातली तर भारतीय न्याय संहितेच्या कलम १६८ खाली तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. तुमचा हेतू खेळाचा असेल, पण रस्त्यावर अडवलेल्या हवालदाराला तो कपड्यांवरून दिसत नाही.

कायदा बाजूला ठेवा. वडिलांनी ती वर्दी चोवीस वर्षं अंगावर घातली. खेळात चिखलात लोळवायला ती नको, असं मला मनापासून वाटतं. साधा मळकट हिरवा शर्ट रानात तितकाच लपतो.

आणि बंदूक नेहमी बंद बॅगेत, मॅगझिन काढून, बॅटरी वेगळी. बॅग मैदानात पोचल्यावरच उघडायची. चहाच्या टपरीवर नाही, पेट्रोल पंपावर नाही, फोटोसाठी गडाच्या पायथ्याला तर नाहीच.

जांबोटी_रोड

अगदी बरोबर बोललात. मी हे सर्वांत वर लिहायला पाहिजे होतं.

आम्ही काय करतो ते सांगतो. जागा मालकीची, मालकाची परवानगी. आदल्या दिवशी पोलीस ठाण्यात आणि गावच्या पाटलांना कळवतो: किती जण, किती ते किती. मैदानाच्या चारी वाटांवर मराठी आणि कन्नड दोन्हींत पाटी. १ नोव्हेंबरच्या, म्हणजे कर्नाटक राज्योत्सवाच्या आठवड्यात आणि सुवर्ण विधानसौधात विधिमंडळाचं अधिवेशन चालू असताना खेळ बंद. गावात बंदोबस्त असतो, तेव्हा बंदुकीसारखं काही घेऊन फिरणं शहाणपणाचं नाही.

थांबवायचा शब्दही दोन भाषांत ठरवलाय. गेल्या डिसेंबरात एक म्हातारी आजी काटक्यांची मोळी घेऊन बागेतून निघाली. आमच्यातले चार जण बैलहोंगलचे, घरात कन्नड बोलणारे. मी ‘थांबा, थांबा’ ओरडलो, तिकडून ‘निल्सरी’ आलं, आणि तेवीस जणांच्या बंदुका एका दमात खाली गेल्या. आजींनी मोळी टेकवली, सगळ्यांकडं एकदा बघितलं आणि विचारलं, ‘काय रे पोरांनो, डुकरं मारालाय काय?’ तिथंच बसून त्यांना गोळी हातात दिली, खेळ समजावला. आता दिसल्या की आधी लांबूनच हाक मारतात.

कणकुंबीकर

आमच्या बाजूला खेळायला येणाऱ्यांसाठी लिहितो.

भीमगड २०११ पासून अभयारण्य आहे. अभयारण्यात परवानगीशिवाय हत्यार घेऊन शिरायला १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं बंदी आहे, आणि वनरक्षक ‘ही खेळण्यातली’ हे लांबून ओळखणार नाही. राखीव जंगलातही नको. गावाकडची मालकीची काजूबाग, पडीक माळ, एवढंच धरा. मधलं रान गव्यांचं आणि अस्वलांचं आहे.

पावसाळ्यात जळवा. त्यांना पॅंटच्या वरून बांधलेले लांब मोजे पाहिजेत, दाट विणीचे. पॅंट मोज्यात खोचा, मोजा बुटात. चिकटलीच तर ओढू नका, नखानं तोंडाकडून सरकवा. रक्त बराच वेळ वाहतं, घाबरायचं नाही, दाबून धरा.

जळवांपेक्षा फुरशाची काळजी करा. ते जांभ्याच्या फटीत, पालापाचोळ्यात बसतं, त्याच मातीच्या रंगाचं. पोटावर झोपून नेम धरायची हौस असते पोरांना. आधी काठीनं पाला हलवा, मग झोपा. दगडाच्या खाचेत न बघता हात घालू नका. चावलं तर कापायचं नाही, चोखायचं नाही, करकचून बांधायचं नाही. हातपाय हलवू न देता गाडीत घाला आणि खानापूरच्या सरकारी दवाखान्यात किंवा थेट बेळगावला सिव्हिलमध्ये न्या. किती वाजता चावलं ते लिहून ठेवा. म्हणून प्रत्येक खेळाला एक गाडी रिकामी, तोंड रस्त्याकडं करून उभी पाहिजे, आणि मोबाइलला रेंज कुठं येते ते आधी बघून ठेवलेलं पाहिजे. आमच्याकडं दर वळणाला रेंज जाते.

शेवटचं गोळ्यांचं. ‘विरघळणाऱ्या’ म्हणून ज्या विकतात त्या बहुतेक पीएलए नावाच्या जैविक प्लास्टिकच्या. त्या पाण्यात विरघळत नाहीत. ६० अंशांच्या आसपासच्या कंपोस्ट खड्ड्यात लवकर कुजतात, उघड्या रानात वर्षानुवर्षं पडून राहतात. साध्या प्लास्टिकपेक्षा बऱ्या, एवढंच. आमची जनावरं तिथंच चरतात.

जांबोटी_रोड

दादा, गाडीचं तोंड रस्त्याकडं, हे लिहून घेतलं. आमची गाडी आम्ही सावलीत आत घालत होतो, बाहेर काढायला दोन गाड्या हलवाव्या लागायच्या.

गोळ्यांसाठी आम्ही दोन गोष्टी करतो. लपायच्या अड्ड्यांच्या खाली जुन्या फ्लेक्सचे कापड अंथरतो, कारण निम्म्याहून जास्त गोळ्या तिथंच पडतात, शेवटी गुंडाळून आणतो. आणि सतत फैर झाडायला बंदी, एका चापाला एक गोळी. गोळ्या कमी जातात, नेम सुधारतो. जमिनीवरची गोळी उचलून परत भरायची मात्र नाही. मातीचा एक कण नळीत गेला की आतून ओरखडा पडतो, मग गोळी वाकडीच जाते.

ऊस आणि जोंधळ्याच्या शिवारात पाऊल टाकायचं नाही, गोळी आत गेली तरी शोधायला जायचं नाही. कुणाचं तरी वर्षाचं पीक आहे ते.

रानजाई

मी खेळते, आमच्या गटात आम्ही दोघी आहोत. बायकांसाठी कुणी लिहीत नाही म्हणून लिहिते.

तयार चेस्ट रिग छातीवर नीट बसत नाही, मॅगझिन वर येऊन हनुवटीला लागतात. मी कमरेचा रुंद पट्टा घेतला आणि दोन खिसे डाव्या बाजूला, एक मागं. वजन कमरेवर गेल्यावर खांदे दुखायचे थांबले. मास्क घेताना पट्टा वेणीच्या खालून जातो का बघा, वरून गेला तर पळताना मास्क वर सरकतो. हे घरात पाच मिनिटं उड्या मारून तपासा. गळ्याला आईचा जुना सुती पंचा बांधते. मानेवर लागलेली गोळी सगळ्यात जास्त झोंबते, आणि घाम तोच टिपतो.

सामान गाडीत भरताना शेजारच्या काकू विचारायच्या, ‘लग्नाच्या वयात हे काय?’ त्यांना एकदा घेऊन गेले. आता त्यांचा दहावीतला मुलगा मागं लागलाय आणि काकू मला विचारतात, पाठवू का?

जांबोटी_रोड

आमच्याकडं अठराच्या आतल्यांना पालक बरोबर असल्याशिवाय घेत नाही. काकूंना म्हणावं, त्याच्याबरोबर या, मास्क त्यांनाही देतो. बघणाऱ्यालाही मास्क लागतोच, मैदानाच्या हद्दीत कुणाचेही डोळे उघडे नकोत.

चिकोडी_लाईन

तांत्रिक प्रश्न. मी गोव्यातून परतलेल्या मित्राकडून बॅटरीवाली घेतली. ०.२० ची गोळी चाळीस मीटरवर वाऱ्यानं भरकटते. ०.२५ घेऊ का ०.२८? आणि बॅटरी ७.४ व्होल्टची का ११.१?

जांबोटी_रोड

रानात ०.२५ पासून सुरू करा, ०.२८ जुलैच्या वाऱ्यातही बरी टिकते. नळीच्या मागच्या टोकाशी, गोळी आत शिरते तिथं, वरून एक रबर गोळीला घासतं आणि तिला उलटी फिरकी देतं, त्याला हॉप-अप म्हणतात. त्या फिरकीनं गोळी हवेत तरंगत लांब जाते, क्रिकेटमधला फिरकी चेंडू हवेतच थोडा वळतो, तेच तत्त्व. गोळी जड केली की हॉप-अप थोडं घट्ट करावं लागतं. गोळी वर उसळत असेल तर सैल करा, आधीच खाली पडत असेल तर घट्ट. दहा-दहा गोळ्या मारून बघा, घाई नको. एक किलोच्या पाकिटात ०.२० च्या पाच हजार बसतात, ०.२५ च्या चार हजार, तेव्हा हिशेब गोळ्यांवर करा, किलोवर नाही.

बॅटरी ७.४ चीच ठेवा. आतले गिअर ११.१ साठी मजबूत केलेले नसतील तर दात जातात. लिथियम पॉलिमर बॅटरी खेळून आल्यावर तशीच बॅगेत टाकू नका. प्रत्येक सेल ३.८ व्होल्टच्या आसपास ठेवून कोरड्या जागी ठेवा, ३ च्या खाली कधी जाऊ देऊ नका. चार्जिंगला लावून झोपायचं नाही. फुगलेली दिसली तर वापरायचीच नाही.

गॅसचं पिस्तूल घ्यायचा विचार असेल तर जानेवारीतली आपली सकाळ आठवा. थंडीत गॅसचा दाब पडतो, पहिल्या दोन-तीन गोळ्यांनंतर पिस्तूल दमतं. उन्हं वर आल्यावर ठीक.

निपाणीचा_नवखा

दादा, काल येऊन गेलो ते सगळ्यांना सांगायला लिहितोय. सकाळी आधी माझी बंदूक वेग मोजायच्या यंत्रावर धरायला लावली, तिथंच निम्मी भीती गेली. पहिल्या डावात तिसऱ्याच मिनिटाला बाद झालो. दुसऱ्या डावात दोस्त आणि मी ओढ्याच्या काठानं वीस मिनिटं सरपटत गेलो आणि झेंडा घेतला. एकदा मास्कवर थेट उजव्या डोळ्यासमोर टक्कन आवाज झाला. काचेवर पांढरा ठिपका दिसला, बाकी काही नाही. खेळ संपेपर्यंत मी त्या ठिपक्याला हात लावून बघत होतो.

रेक्झिनचा पट्टा सदलग्याच्या बॅगवाल्या मामांनी शिवला. मॅगझिन बघून आधी दचकले, मग सगळं ऐकून घेतलं आणि खांद्याच्या पट्ट्याला त्यांनी स्वतःहून दुहेरी शिलाई मारली.

एक विचारायचं राहिलं. बंदूक परत करण्याआधी साफ करून देतो म्हटलंय. घरात आईच्या शिवणयंत्राचं तेल आहे, ते चालेल का?

जांबोटी_रोड

ते नको, त्यानं आतलं रबर फुगतं. सिलिकॉन तेल घे, दोन थेंब सुती चिंधीवर, चिंधी सळईला गुंडाळून नळी आतून पूस. आधी मॅगझिन काढ, नळीत अडकलेली गोळी नाही ना ते रिकामा चाप ओढून, तोंड जमिनीकडं धरून बघ, मग बॅटरी काढ. पुसताना मास्क घाल. हॉप-अपच्या रबराला तेल लागू देऊ नको, नाहीतर फिरकी बसत नाही. लागलंच तर कोरड्या चिंधीनं पुसून घे. तेल नसेल तर तशीच आण, पुढच्या रविवारी माझ्याकडं आहे. आणि मास्कवरचा तो ठिपका कुठं आलाय त्याचा फोटो टाक, काच बदलायची की नाही ते बघून सांगतो.